आधी टपालपेटीवर नाव लावा

परदेशात नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्यांचे प्रश्न, बडोद्याच्या काकूंची उत्तरं

या खेपेच्या गठ्ठ्यात जर्मनीच जर्मनी आहे. संपादकांनी तो माझ्याकडे सरकवला, कारण माझा संसार श्टुटगार्टच्या आसपास झाला आणि आता मी दांडिया बाजारात माहेरच्या गल्लीत परत येऊन बसले आहे. एक विनंती आहे. पत्रात वय, गाव आणि व्हिसाचा प्रकार लिहीत जा. ‘काकू, जर्मनीत कसं राहावं?’ एवढ्या एका ओळीवर मी काय उत्तर देणार?

काकू, नमस्कार. मी मांजलपूरचा, मेकॅनिकल इंजिनिअर, वय २७. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) श्टुटगार्टला येऊन तीन आठवडे झाले. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या खोलीत राहतो. बँक म्हणते पत्त्याचा दाखला आणा, घरमालक म्हणतो पगाराच्या स्लिपा आणा, कंपनी म्हणते बँक खातं आणि टॅक्स नंबर द्या. बायको बडोद्यात आहे, कागद झाले की येईल. सुरुवात कुठून करू?

पत्त्याच्या नोंदणीपासून कर, बाकी सगळं तिच्यामागून येतं. तिकडे तिला आनमेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे, म्हणजे तुझी मुदत उलटलीच आहे. आजच नगरपालिकेच्या वेबसाइटवर वेळ माग. लांबची तारीख मिळाली तर घे, आणि वेळ मागितल्याचा ईमेल जपून ठेव. कोणी विचारलंच तर तो दाखवता येतो. शिवाय रोज सकाळी एकदा वेबसाइट उघडून बघ. लोक वेळा रद्द करतात, त्या मोकळ्या होतात.

तात्पुरत्या खोलीच्या पत्त्यावरही नोंदणी होते. मात्र जागा देणाऱ्याच्या सहीचा एक कागद लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव रेल्वेच्या डब्यांसारखं लांब असलं तरी कागद अर्ध्या पानाचा असतो: अमुक माणूस अमुक तारखेला माझ्या जागेत राहायला आला. नुसता भाडेकरार तिथे चालत नाही. कंपनीच्या एच. आर.वाल्यांना आजच स्पष्ट विचार, हा कागद देता की नाही? टोलवाटोलवी झाली तर ती खोली सोडून दुसरी बघ. नोंदणी होत नाही अशी जागा स्वस्त असली तरी महागात पडते.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो उगाच नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जातो, श्टुटगार्टच्या राज्यात आयकराच्या ८ टक्के. आपल्याला तो लागू नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं बघून काहीतरी खूण करू नकोस, एवढंच.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. टपालपेटीवर स्वतःचं नाव लाव, आणि ते नोंदणीच्याही आधी. जर्मनीत बहुतेक ठिकाणी पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतोच. इमारतीच्या दाराशी बेलच्या बटणांची पट्टी असते, प्रत्येक बटणासमोर आडनाव. आत किंवा बाहेर पत्र्याच्या पेट्यांची रांग, तिच्यावरही आडनावं. पोस्टमन रस्ता आणि घर क्रमांक बघून येतो, पण पत्र टाकतो ते आडनाव वाचून. तुझं आडनाव त्या रांगेत नसेल तर या पत्त्यावर असा माणूस नाही असा शेरा मारून तो पत्र परत धाडतो. आपल्या रावपुऱ्यातल्या पोस्टमनसारखा ‘अहो, ते तिसऱ्या मजल्यावरचे नवीन पोरगे ना’ म्हणून विचारपूस करणारा तिथे भेटायचा नाही. आणि तिकडे सगळं टपालाने येतं. टॅक्स नंबर नोंदणीनंतर दोन-चार आठवड्यांत टपालाने, बँकेचं कार्ड टपालाने, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात वेगळ्या दिवशी, विम्याचं कार्डही तसंच. कितीतरी मुलं ‘माझा टॅक्स नंबर आलाच नाही’ म्हणून कपाळाला हात लावून बसतात. नंबर येऊन परत गेलेला असतो. कागदाची पट्टी काप, पासपोर्टवर जसं आडनाव आहे तस्संच छापील अक्षरात लिही आणि पारदर्शक टेपने चिकटव. दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहत असशील तर पत्त्यात आपल्या नावाखाली ‘केअर ऑफ’ म्हणून घरवाल्याचं आडनाव घाल.

टॅक्स नंबर यायला उशीर झाला तर कंपनी सुरुवातीला जास्त कर कापू शकते. तो नंतर परत मिळतो. आणि तू विवाहित असलास तरी बायको तिकडे येऊन नोंदणी होईपर्यंत तुला कराच्या बाबतीत एकट्याच्याच वर्गात धरतील. ती आली की दोघांनी मिळून वर्ग बदलून घ्या, हातात येणाऱ्या पगारात बराच फरक पडतो.

घर शोधताना काल्टमीटे आणि वार्ममीटे हे दोन आकडे बघ. पहिलं नुसतं भाडं, दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे मिळवलेलं. विजेचं बिल बहुतेक वेळा त्याहून वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुला कायद्याने हक्क आहे. घर बघितल्याशिवाय, किल्ली हातात आल्याशिवाय कोणाला एक सेंटही पाठवू नकोस. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा घरमालक बहुधा चोर असतो. आणि रिकामं घर म्हणजे तिकडे खरोखर रिकामं. स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती आणि पाण्याचा नळ, छताला दिव्याऐवजी लोंबत्या वायरी. ओटा, सिंक, शेगडी सगळं आपलं आपण आणायचं. जाहिरातीत स्वयंपाकघर बसवलेलं आहे असं लिहिलं असेल तर थोडं जास्त भाडं देऊनही तेच घे, पहिल्या वर्षी तरी.

आरोग्य विमा सक्तीचा आहे. सरकारी पद्धतीचा घ्यायचा की खाजगी, हा निर्णय कोणाच्या गोड बोलण्यावर घेऊ नकोस. तरुण, निरोगी, एकट्या माणसाला खाजगी स्वस्त पडतो, म्हणून एजंट त्याच्याच मागे लागतात. पण सरकारी पद्धतीत न कमावणारी बायको आणि मुलं वेगळा हप्ता न भरता तुझ्याच विम्यात येतात. खाजगीत माणशी हप्ता. एकदा खाजगीत गेल्यावर परत फिरणं अवघड, आणि वयाच्या पंचावन्नीनंतर जवळपास अशक्य. तुझी बायको येणार आहे, पुढे मुलंबाळं होतील. मी तुझ्या जागी असते तर सरकारीच घेतला असता.

काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल. ‘माझ्याकडे टीव्हीच नाही’ म्हणून ते कचऱ्यात टाकू नकोस. टीव्ही असो वा नसो, घरटी महिना १८.३६ युरो द्यावेच लागतात. चार जण एका घरात राहत असाल तर मात्र एकानेच भरायचे. आणि हाफ्टप्फ्लिख्ट नावाचा एक स्वस्त विमा असतो, तुझ्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो. वर्षाला जुजबी रक्कम असते. घेऊन टाक.

मुलगा मास्टर्ससाठी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला निघाला आहे. सामानाची यादी त्याची आई रोज वाढवते आहे. कुकर, डाळी, पेढे, हापूसचा आटवलेला रस, कढीपत्ता. काय न्यावं, काय नेऊ नये?
एक वडील, कारेलीबाग

वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि यादीतून पेढे आधी काढा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, बर्फी, श्रीखंड, साजूक तूप सगळं त्यात आलं. विमानतळावर काढून घेतात आणि समोरच टाकून देतात, ते बघवत नाही. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तेव्हा आंबे आणि ताजा कढीपत्ताही नको. गंमत म्हणजे केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना त्यातून सूट आहे. आटवलेल्या आंब्याच्या रसाच्या भानगडीत मी पडले नसते, तिथल्या दुकानात डबाबंद रस मिळतो. आपला बडोद्याचा लीलो चिवडो खुशाल द्या. पण पाकीट दुकानाचं सीलबंद असू द्या, म्हणजे आत काय आहे ते वाचता येतं.

डाळी पंधरा किलो नेऊ नका. मोठ्या गावांत भारतीय किंवा तुर्की दुकानं आहेत. तूर थोडी महाग मिळते, मसूर आणि छोले तुर्की दुकानात स्वस्त. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट द्या, ते मिळत नाही. कुकर द्या, पण ॲल्युमिनियमचा नको. तिकडे बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचं भांडं तापतच नाही. खालून लोहचुंबक चिकटतो असा स्टीलचा कुकर घ्या. दुकानात चुंबक सोबत न्या, दुकानदार हसला तर हसू द्या. रबरी रिंगा आणि शिट्टी दोन-दोन जादा. विजेचा दाब आपल्यासारखाच, पिन मात्र दोन गोल पायांची.

फोडणीबद्दल त्याला एक सांगा. तिकडे झोपायच्या खोलीत आणि जाण्या-येण्याच्या वाटेत छताला धुराचा इशारा देणारं यंत्र सक्तीने लावलेलं असतं. विद्यार्थ्यांच्या एका खोलीत शेगडी आणि पलंग एकत्रच, त्यामुळे मोहरी तडतडली की यंत्र बोंबलतं. खिडकी उघडून, मंद आचेवर, झाकण हातात धरून फोडणी करायची. यंत्रावर पिशवी बांधण्याची युक्ती त्याचे मित्र त्याला शिकवतील. ती शिकू नये. बेकायदा आहे, आणि खरी आग लागली तर कोणाला पत्ताही लागायचा नाही.

पैशाचं थोडक्यात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ हातात येतात. त्यातलं भाडंच मोठा वाटा खातं. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायला मुभा आहे. पण पहिल्या सेमिस्टरला कामाच्या मागे लागू नको म्हणावं. कागदांत एपीएसचं, म्हणजे इथल्या पदवीचे कागद तपासल्याचं, प्रमाणपत्र झालेलंच असेल, ते असल्याशिवाय आपल्या मुलांचा विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही. त्याची एक प्रत त्याच्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको.

नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, तीन महिन्यांना पुरतील एवढीच. साध्या तापाची गोळीही तिकडे किराणा दुकानात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच जावं लागतं, आणि रविवारी पाळी असलेलं दुकान शोधावं लागतं. पॅरासिटामॉलच्या चार पट्ट्या द्याच.

काकू, मी वाघोडिया रोडची. बडोद्यात शाळेत गणित-विज्ञान शिकवत होते. वय ३१. लग्नानंतर आठ महिन्यांपूर्वी एस्लिंगेनला आले. हे सकाळी साडेसातला निघतात, संध्याकाळी सहाला येतात. मी घरात एकटी. आईशी व्हिडिओ कॉल चालू ठेवते तेवढाच काय तो आवाज घरात. शेजारी ‘हालो’ म्हणतात आणि दार लावून घेतात. परवा खालच्या मजल्यावरच्या आजींनी आमच्या दाराला एक पाटी अडकवली आणि काहीतरी तावातावाने बोलल्या. मला काही कळलं नाही, मी रडत बसले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, होईल सवय. मला परत बडोद्याला यावंसं वाटतं.

आधी ती पाटी. तिच्यावर ‘केअरवोखे’ असं लिहिलेलं असणार. तुझ्यावर आलेलं ते संकट नाही, पाळी आहे. श्टुटगार्ट, एस्लिंगेन, सगळ्या श्वाबियन मुलखात इमारतीचा जिना आणि दारापुढचा भाग भाडेकरूंनी आळीपाळीने स्वच्छ ठेवायचा असतो. बहुतेक ठिकाणी भाडेकरारातच लिहिलेलं असतं. ज्याच्या दाराला पाटी, त्याचा तो आठवडा. आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत पायऱ्या झाडायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या, कठड्यावरून हात फिरवायचा, खिडकीची चौकट पुसायची. आठवडा संपला की पाटी उचलून शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. हिवाळ्यात बर्फ पडला तर पदपथावरचा बर्फही ज्याची पाळी त्यानेच सकाळी लवकर बाजूला करायचा. तुमची पाळी आठ महिन्यांत आधीही येऊन गेली असेल आणि तुम्हा दोघांना पत्ताच नसेल. आजी तावातावाने बोलल्या त्या त्यावरूनच.

आता असं कर. येत्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास जिना पुस. शनिवार यासाठी की सगळे घरी असतात, पिशव्या घेऊन वर-खाली करतात, आणि तू काम करताना त्यांना दिसशील. रविवारी चुकूनही नको. रविवारी शांतता पाळायची असते. झाडू चालेल, पण व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकणं यातलं काही नको. पुसून झालं की आजींच्या दाराची बेल वाज. ‘गुटन टाग’ म्हण, आपलं आडनाव सांग, जिन्याकडे बोट दाखव आणि विचार, बरोबर झालं का? त्या बहुधा एखादी पायरी पुन्हा पुसायला लावतील. पुस. माझ्या पाहण्यात या अशा आजींइतकं नव्या सुनांना कोणी शिकवलेलं नाही. पुढच्या खेपेला त्याच तुला कोणत्या बिनात काय टाकायचं, रिकाम्या बाटल्यांचे २५ सेंट कुठे परत मिळतात, ताजा पालक कोणत्या वारी बाजारात येतो, हे सांगतील. तेही तावातावानेच. तो त्यांचा बोलण्याचा सूर आहे.

आणि शेजाऱ्यांचं. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन येते, काय हवं-नको विचारते. तू आठ महिने तिची वाट बघते आहेस. तिकडे रीत उलटी आहे. नवीन येणाऱ्याने घरोघरी बेल वाजवून मी अमुक, दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, असं सांगायचं असतं. तू आली नाहीस म्हणून त्यांनाच वाटलं असेल की या बाईला ओळख नको आहे. आठ महिन्यांनी गेलीस तरी चालेल. सोबत थोडासा चिवडा ने, तिखट अगदी बेताचं. तुला आत बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. दारातली पाच मिनिटं ही पहिल्या भेटीला पुरेशी समजतात. बोलावतील तेव्हा तारीख दोन आठवडे पुढची असेल आणि वेळ असेल बरोबर चारची. चारला जा. पावणेचारलाही नको. आणखी एक: कोणाचा वाढदिवस असेल तर आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, ते अशुभ मानतात. आणि तुझा वाढदिवस असेल तर केक तूच न्यायचा.

भाषा. तू कुटुंबाच्या व्हिसावर आलीस, तर इंटिग्रेशन कोर्सला बसण्याचा तुला हक्क असतो. व्हिसाच्या कार्यालयात त्याचा कागद माग. साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास तिकडचा कायदा, इतिहास, रीतीभाती. बऱ्याच गावांत हे वर्ग फोल्क्सहोखशूलमध्ये चालतात, ती प्रौढांसाठीची गावची शाळाच म्हण. सकाळचा वर्ग घे, संध्याकाळचा नको. सकाळी घराबाहेर पडायला कारण पाहिजे, ते तुला सध्या नाही. वर्गात सीरियाची, युक्रेनची, ब्राझीलची माणसं भेटतील, तुमच्या सगळ्यांचं जर्मन सारखंच मोडकं असेल. तुझ्या पहिल्या मैत्रिणी त्याच होतील, जर्मन मैत्रिणी मागाहून.

नोकरी. तुझ्या कार्डावर काम करायला परवानगी असल्याची ओळ असेल, वाचून बघ. ब्लू कार्डवाल्यांच्या बायकांना ती असते आणि बऱ्याच जणींना वर्षभर त्याचा पत्ताच नसतो. सरकारी शाळेत शिक्षिका होणं सोपं नाही. पदवी तपासून घ्यावी लागते, बहुधा दोन विषय लागतात, आणि जर्मन फार वरच्या पातळीचं. पण गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची तिकडेही चणचण आहे, त्यामुळे ही वाट बंद समजू नकोस, लांबची समज. आनाबिन नावाच्या सरकारी यादीत तुझं विद्यापीठ आणि पदवी शोध. दरम्यान मुलांना खाजगी गणित शिकवायला, नाखहिल्फेला, मोडक्या जर्मनवरही सुरुवात करता येते. बेरजेला व्याकरण लागत नाही.

आईशी कॉल दिवसभर चालू ठेवू नकोस, हे मी आईचीही बाजू घेऊन सांगते. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे. त्या इकडे तुझ्या चेहऱ्याकडे बघत कुढत बसतात आणि त्यांचीही कामं राहतात. तुझ्या दुपारी एकला, त्यांच्या चहाच्या वेळेनंतर, अर्धा तास निवांत बोला. बाकी वेळ फोन बंद करून नेकार नदीच्या काठाने चालून ये, नाहीतर श्टुटगार्टच्या ग्रंथालयात जा. २०११ मध्ये उघडलेली ती पांढरी चौकोनी इमारत एस्लिंगेनहून एस-बानने, म्हणजे लोकल गाडीने, फार लांब नाही. तिथे नुसतं बसलं तरी कोणी उठवत नाही. बडोद्याच्या मुलीला ग्रंथालयाचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको, मांडवीची सेंट्रल लायब्ररी १९१० पासून आपल्याकडे आहे.

डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्या दिवसांत रडू येतं ते सगळंच तुझं नसतं, थोडं हवामानाचं असतं. सकाळी ढगाळ असलं तरी बाहेर पड. झोप उडाली, जेवण जाईना, आठवडेच्या आठवडे असंच चाललं, तर घरच्या डॉक्टरकडे, म्हणजे हाउसआर्त्स्टकडे, जाऊन मनाचं बोल. विम्यात बसतं, आणि तिकडे त्याची कुजबुज होत नाही. परत यायचं असेल तर जरूर ये, त्यात कमीपणा नाही. पण हा निर्णय नोव्हेंबर-डिसेंबरात घेऊ नकोस. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, त्यानंतर ठरव.

पुढचं तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव. अहो जावईबापू, ‘होईल सवय’ हे उत्तर नव्हे. तुम्हाला ऑफिसात माणसं मिळाली, कँटीन मिळालं, दिवसाला आकार मिळाला. तिला भिंती मिळाल्या. केअरवोखेची पाटी तुमच्याही दाराला लागली होती, कारण घर दोघांचं आहे. पुढच्या पाळीला फडकं तुम्ही धरा. आणि या आठवड्यात अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर कोर्सच्या कार्यालयात जा.

आमची मुलगी आठ वर्षांची. पुढच्या वर्षी तिच्या बाबांच्या बदलीने जर्मनीला जाणार. तिला जर्मनचा गंध नाही. इंग्रजी शाळा परवडणारी नाही. दोन-तीन वर्षांसाठीच जायचं आहे, तर तिला घरीच शिकवलं आणि ऑनलाइन इथल्या बोर्डाची परीक्षा दिली तर? शिवाय ती मराठी विसरेल ही भीती.
एक आई, अलकापुरी

घरी शिकवता येणार नाही, कायद्यानेच मनाई आहे. शाळा सक्तीची आहे आणि मूल शाळेत दिसलं नाही तर आईबापांना दंड होतो. बडोदेकराला यात नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलं न पाठवणाऱ्या पालकांना दंड होताच. सुट्टीचंही ध्यानात ठेवा. विमानाची तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून सुट्टी लागण्याच्या आठवडाभर आधी मुलीला घेऊन बडोद्याला निघालात तर तेही गैरहजेरीतच धरतात.

भाषेची काळजी तुम्ही करता तेवढी ती करणार नाही. श्टुटगार्टच्या राज्यात नव्याने आलेल्या मुलांसाठी शाळेतच तयारीचे वर्ग असतात, आधी भाषा, मग हळूहळू नेहमीच्या वर्गात. चौथीनंतर मात्र मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, तेव्हा ती कितवीत जाऊन बसते हे पहिल्याच भेटीत मुख्याध्यापकांना विचारा. वर्षभर खाली बसवायला सांगितलं तर हुज्जत घालू नका, भाषेला तेवढा अवधी मिळतो. शाळेत ती एकटी चालत जाईल, बाकीची मुलंही तशीच जातात. आठवडाभर तुम्ही मागे मागे चाललात तरी कोणी हसणार नाही. त्यानंतर मात्र राहू द्या.

मराठी विसरण्याचं म्हणाल तर घरी काय बोलता? तुमची मुलगी आजही शाळेत इंग्रजी, खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी गुजराती, टीव्हीसमोर हिंदी आणि आजीशी मराठी बोलत असेल. मालेगावाकडच्या कवळाण्याहून १८७५ साली बारा वर्षांचा गोपाळराव गादीवर दत्तक आला, तेच पुढे सयाजीराव महाराज. त्यालाही मराठीबरोबर गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकवावंच लागलं आणि त्याची मराठी कुठे गेली नाही. घरात आईबापांनी आपसांत आणि मुलीशी मराठीच बोला. ती जर्मनमध्ये उत्तर देईल, तुम्ही मराठीत बोलत राहा. लिहिणं-वाचणं मात्र आपोआप राहत नाही. आजीला दर रविवारी एक पत्र, चार ओळींचं, हाताने लिहिलेलं. आजीनेही उत्तर धाडायचं, व्हॉट्सॲपवर नाही, पोस्टाने. टपालपेटीवर मुलीचंही नाव लावा.

मी बडोद्यात वीस वर्षं गाडी चालवतो. जर्मनीत माझं लायसन्स चालेल का? आणि इथल्या बचत खात्याचं काय करायचं?
एक वाचक, निझामपुरा

लायसन्स तिकडे राहायला गेल्यापासून सहा महिने चालेल, अधिकृत भाषांतर सोबत ठेवलंत तर. त्यानंतर तिकडचंच हवं, आणि त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. वीस वर्षांचा अनुभव तिथे सांगू नका. आपल्या चौकात आपण उजवीकडच्या गाडीला वाट देत नाही, तिकडे ती देणं हा पहिला नियम आहे. लेखी परीक्षेची तयारी पहिल्या महिन्यापासून करा, पास होईपर्यंत ट्राम बरी.

बचत खातं आहे तसं ठेवता येत नाही. तुम्ही अनिवासी झालात की बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इकडच्या पैशांच्या, खात्यात बदलून घ्यायचं. तिकडची कमाई इकडे पाठवायची असेल तर त्यासाठी एनआरई खातं वेगळं उघडा. बँकेच्या शाखेत निघण्यापूर्वीच जाऊन फॉर्म घेऊन ठेवा आणि मोबाईल नंबर रोमिंगवर चालू राहील याची सोय करा. ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि तो नंबर बंद पडला की तिकडे बसून काहीही करता येत नाही.